इंधनटाकीचे सीलंटलेपन (स्वनिर्मित विमान)

धातूच्या स्वनिर्मित विमानात पंखाची पोकळीच पुष्कळदा इंधनटाकी असते. पत्रा, फासळ्या व रिव्हेट यांमधील फटी पॉलिसल्फाइड सीलंटने बंद करण्याच्या कामास सीलंटलेपन म्हणतात. ‘प्रो-सील’ हे मूळचे व्यापारी नाव आता अशा कोणत्याही सीलंटसाठी रूढ आहे.

पॉलिसल्फाइड रबराचा शोध अमेरिकन रसायनज्ञ जोसेफ पॅट्रिक यांना गोठणरोधक द्रव शोधताना लागला. त्याचे वर्ष कोठे 1924, तर कोठे 1926 दिलेले आढळते. हे रबर बनविणारी थायोकॉल कंपनी 1929 मध्ये स्थापन झाली. मात्र ते रबर घन होते. सीलंटचा खरा उगम 1940 नंतरच्या द्रव पॉलिसल्फाइडमध्ये मानणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण सामान्य तापमानाला घट्ट होण्याचा गुण त्यातच आला.

सीलंट दोन घटकांचे असते : पांढरा मूळ घटक आणि बहुधा मँगॅनीज डायऑक्साइडयुक्त काळा उत्प्रेरक. सामान्य प्रमाण वजनाने 10:1 असते. तरी डब्यावरचे प्रमाणच पाळावे व ते तराजूवर मोजावे, आकारमानाने नव्हे. पांढऱ्या-काळ्या रेषा नाहीशा होऊन एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत घोटावे. अपुरे घोटलेले मिश्रण जागोजागी चिकट राहते. ‘ए’ वर्ग ब्रशने लावण्याजोगा पातळ, तर ‘बी’ वर्ग दाट असतो. पुढचा अंक काम करण्याचा अवधी तासांत सांगतो : बी-2 म्हणजे सुमारे 25° से.ला दोन तास. उष्णता व दमटपणा वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो.

चिकटण्याची जागा खरखरीत करून एमईके (मिथिल एथिल कीटोन) या द्रावकाने पुसतात. द्रावक सुकण्यापूर्वीच कोरड्या, स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे, नाहीतर विरघळलेले तेल पुन्हा पृष्ठभागावरच बसते. फासळीच्या पाळीवर पातळ थर देऊन क्लेकोंनी (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या काढता येण्याजोग्या खिळींनी) जोडणी आवळतात. सीलंट ओले असतानाच रिव्हेट मारावेत की ते घट्ट झाल्यावर, याबद्दल मतभेद आहेत. ओल्या पद्धतीत रिव्हेटभोवतीची पोकळीही भरते, म्हणून ती पसंत केली जाते. तथापि अवधीत उरकतील तेवढेच रिव्हेट हाती घ्यावे लागतात. नंतर आतील कोपऱ्यांत सीलंटची अंतर्वक्र पट्टी ओढून रिव्हेटची ठोकलेली टोके झाकतात.

टाकीची मागची भिंत शेवटी बसते. त्यानंतर आत हात जात नाही. त्यामुळे गळती बहुधा या भिंतीच्या आणि टोकाच्या फासळ्यांच्या कोपऱ्यांतच सापडते. तेथे सीलंट सढळ हाताने लावावे. चाचणीत 1 पीएसआयपेक्षा (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे सुमारे 70 सेंमी. पाण्याच्या स्तंभापेक्षा, अधिक दाब देऊ नये. टाकी फुगून जोड उघडतात. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. फुगा लावून दाब पाहिल्यास तापमान व हवेचा दाब बदलल्यानेही फुगा सैलावतो, हे ध्यानात ठेवावे.

टाकीत पातळ लेप ओतून हलविण्याची जुनी पद्धत आता टाळतात. तो लेप सुटून त्याचे पापुद्रे इंधनगाळणीत अडकतात आणि इंजिनाला इंधन कमी पडते. उड्डाणानंतर झिरपणारा रिव्हेट निळसर डागाने ओळखू येतो (100एलएल या विमान-पेट्रोलचा रंग). टाकीत सौम्य निर्वात करून अतिपातळ अवायवी (हवेविना घट्ट होणारे) आसंजक बाहेरून आत ओढणे हा त्यावरचा उपाय होय.