वार लागला की गेम का थांबतो?

"मामा, तुम्हना कॉम्प्युटर अटकी ऱ्हायना."

भाचा धुळ्याचा, दहावीतला. दिवाळीला यावलला आमच्याकडे आला की फराळाच्या आधी माझ्या कॉम्प्युटरवर तलवारबाजीचा गेम टाकतो. तक्रार अशी, की वार राक्षसाला लागला रे लागला की चित्र क्षणभर थिजतं. तलवारीच्या वाराला जेमतेम जाणवतं, मोठी कुऱ्हाड हाणली की चांगलंच जाणवतं. कॉम्प्युटर सात वर्षांचा, तेव्हा आरोप पटण्यासारखा होता. पण एक गोष्ट खटकली. अडकायचंच तर ते वार लागल्यावरच का? हुकलेल्या वाराला एकदाही अडकला नाही.

मग मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून पडद्याचं स्लो मोशन चित्रण केलं. मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेतो आणि गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो, म्हणजे गेमच्या एका फ्रेमची माझ्याकडे चार चित्रं. एकेक चित्र पुढे सरकवत मोजत बसलो. तलवारीला 12 चित्रं, म्हणजे 3 फ्रेम. कुऱ्हाडीला 32, म्हणजे 8 फ्रेम. एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, तेव्हा कुऱ्हाडीचा थांबा साधारण 133 मिलिसेकंदांचा. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तेवढाच. बिघाड इतका शिस्तीचा नसतो. त्यातून खरा साक्षीदार मागच्या भिंतीवर होता. नायक आणि राक्षस पुतळ्यासारखे उभे, आणि भिंतीवरची मशाल मात्र मजेत फडफडत होती. कॉम्प्युटर अडकला असता तर मशालही अडकली असती.

याला 'हिटस्टॉप' म्हणतात. मुद्दाम घातलेला थांबा. या गेममध्ये तो फक्त मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला लागू होतो.

हे का करावं लागतं, ते आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाला पटकन कळेल. घड कापून झाल्यावर केळीचं खोड तोडलंय कधी? ते खोड म्हणजे लाकूड नव्हेच, पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले थर, आणि त्यात बहुतेक पाणी. कोयता आरपार जातो, हाताला काही कळतच नाही, उलट तोल जातो. आता तोच जोर लावून बाभळीच्या ओंडक्यावर कुऱ्हाड घाला. पातं दोन बोटं आत जाऊन थांबतं आणि झटका मनगटातून खांद्यापर्यंत येतो. कुऱ्हाडीचा सगळा संवेग काही मिलिसेकंदांत शून्यावर आला. संवेग जितक्या कमी वेळात बदलतो तितकं बल जास्त, हा न्यूटनचा दुसरा नियम, आणि त्या बलाची प्रतिक्रिया तुमच्या हाडांना कळते.

गेममध्ये हाडांना काहीच कळत नाही. राक्षस म्हणजे आतून पोकळ असलेलं चित्र आणि तलवार म्हणजे दुसरं चित्र. कॉम्प्युटर तलवारीभोवती आणि राक्षसाभोवती कॅप्सूलच्या गोळीसारखे अदृश्य आकार धरतो आणि ते एकमेकांत शिरले का, एवढंच दर फ्रेमला तपासतो. त्यातही गंमत आहे. तलवार 150 अंशांचा फेरा 4 फ्रेममध्ये मारत असेल, तर दर फ्रेमला ती 37 अंशांहून जास्त उडी घेते. मधल्या जागेत उभा असलेला बारीक शत्रू तिला सापडणारच नाही! म्हणून मागच्या फ्रेमपासून या फ्रेमपर्यंत तलवार जिथून फिरली ती सगळी जागा तपासावी लागते. पण शिरकाव सापडला तरी तलवारीला अडवणारं काही नाही. थांबा नसेल तर प्रत्येक शत्रू केळीचं खोड होतो. हाताला मिळायला हवा तो झटका डोळ्याला वेळेच्या रूपात द्यायचा, असा हा सौदा आहे. आणि सौद्यात खोट आहे, मोठी खोट! क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला साधारण एक मिलिसेकंद चिकटलेला असतो. गेममधली कुऱ्हाड त्याच्या शंभरपटीहून जास्त वेळ चिकटून राहते.

या थांब्याचा दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, आणि दोन-तीन पर्यायांतून निवडायचं तर आणखी जास्त. चित्र थिजलेलं असताना बरेच गेम बटणं ऐकत असतात. म्हणजे खेळणाऱ्याला 'वार लागला, आता पुढचा कुठला' हे ठरवायला उसना वेळ मिळतो.

इथे जरा फ्रेमचा हिशेब करू. प्रत्येक वाराचे तीन तुकडे असतात: उगारणं, लागणं, सावरणं. समजा 8, 4 आणि 20 फ्रेम. शत्रूला मार लागल्यावर तो 18 फ्रेम भेलकांडतो. आपला वार पहिल्याच फ्रेमला लागला, तर लागण्याच्या 3 आणि सावरण्याच्या 20 अशा 23 फ्रेम आपण अडकलेले, शत्रू मात्र 18 मध्ये मोकळा. 5 फ्रेमचा तोटा. थांबा दोघांनाही सारखाच, त्यामुळे त्याने हा हिशेब बदलत नाही. पण सावरणं सुरू होताच उडी किंवा गिरकी मारून ते तिथेच तोडता आलं, तर वीस फ्रेम वाचतात आणि 5 फ्रेमच्या तोट्याऐवजी 15 फ्रेमचा फायदा होतो. भाच्याची बोटं हा व्यवहार न मोजता करतात. मी कागदावर तीनदा चुकलो.

वारांची अशी साखळी कोणी आधी ठरवून केली, असंही नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीचा मारामारीचा गेम 'स्ट्रीट फायटर 2' (1991) बनत असताना निर्माते नोरिताका फुनामिझु मोटार फोडायचा टप्पा तपासत होते. तेव्हा एका ठोशाला दुसरा जोडता येतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तसंच राहू दिलं गेलं. कॅपकॉमच्याच 'ओनिमुशा'त शत्रूला वार करकरून हवेत तरंगत ठेवता येतं, ही एक चूक निघाली होती. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी ती चूकच उचलून 'डेव्हिल मे क्राय'मध्ये (2001) लढाईचा पाया केली. हा गेमसुद्धा मुळात 'रेसिडेंट ईव्हिल 4' या भयपटासारख्या वेगळ्याच गेमच्या नावाने सुरू झाला होता.

हवेत तरंगवणं म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी उघड लबाडी. पृथ्वीवरचं 9.8 चं गुरुत्वाकर्षण ठेवून नायकाने तीन मीटर उंच उडी मारली, तर तो दीड सेकंदाहून जास्त वर राहील. पाहणाऱ्याला फुगाच वाटेल. तीच उडी 0.9 सेकंदात बसवायची तर गुरुत्वाकर्षण तिप्पट करावं लागतं. आणि त्याच क्षणी शेजारी मार खाणाऱ्या राक्षसासाठी ते जवळजवळ शून्य! एकाच अंगणात दोन पृथ्व्या. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने यावर रागवावं की हसावं? मी हसतो.

खरोखर अडकणारे कॉम्प्युटरही असतात, हे मान्य. मागच्या मे महिन्यात ओळखीच्या एका गेमवाल्याची चार यंत्रं दुपार झाली की रखडायची. त्याने प्रत्येकावर लिंबू-मिरची टांगली. पंखा उघडून पाहिला तर धुळीने गच्च. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, आणि आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे. ब्रशने धूळ काढली, यंत्रं पळायला लागली. लिंबू-मिरची अजून टांगलेली आहे आणि श्रेय तिलाच मिळतं. भाच्याच्या मोबाइलमधलं 'एका टचमध्ये लॅग (म्हणजे रखडणं) गायब' म्हणणारं ॲप हे त्याच लिंबाचं पुढचं पीक.

मशाल दाखवल्यावर भाचा गप्प झाला, पण पुरता पटला नव्हता. अभ्यंगस्नानाच्या आदल्या संध्याकाळी मी बंबासाठी बाभूळ फोडत होतो, तर हा समोर मोबाइल धरून उभा. 240 वर चित्रण केलं, ओट्यावर बसून चित्रं मोजली. पातं लाकडाला टेकल्यापासून थांबेपर्यंत दोन चित्रं. आठ मिलिसेकंद.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हनी कुऱ्हाड काही जड वाटत नही."