मूडल : विद्यापीठीय अध्यापनातील उपयोग

मूडल ही अध्ययन-व्यवस्थापनाची ऑनलाइन प्रणाली असून ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. जगभरातील विद्यापीठे व महाविद्यालये वर्गातील अध्यापनाला जोड म्हणून, आणि दूरशिक्षणात मुख्य माध्यम म्हणून, तिचा वापर करतात. शिक्षक या प्रणालीत आपल्या विषयाचे एक पान तयार करतो, ज्याला सर्वत्र ‘कोर्स’ म्हटले जाते. त्या पानावर तो टिपणे, ध्वनिचित्रफिती आणि दुवे ठेवतो. पण प्रणालीचे खरे मोल या साठ्यात नसून चाचणी, लेखी काम, चर्चा आणि परस्पर-मूल्यमापन यांसाठी दिलेल्या साधनांत आहे. विद्यार्थ्याकडून काहीतरी करवून घेणे आणि त्यावर त्याला लवकर प्रतिसाद देणे हे या साधनांचे काम आहे.

मूडलचा जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. तेथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची व्यापारी प्रणाली सांभाळण्याचे काम मार्टिन डुजियामास यांच्याकडे होते. त्या प्रणालीच्या मर्यादांना कंटाळून त्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि २० ऑगस्ट २००२ रोजी तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील एका दूरच्या वस्तीत गेले आणि तेथे शाळा रेडिओवरून भरत असे. अंतर ओलांडून शिकणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळले होते, असे म्हणायला हरकत नाही. माणूस इतरांसाठी काही घडवताना सर्वांत चांगले शिकतो, हा सामाजिक रचनावादाचा विचार त्यांनी प्रणालीच्या मुळाशी ठेवला. चर्चा व परस्पर-मूल्यमापन यांची साधने मूडलमध्ये सुरुवातीच्या काळापासून का आहेत, याचे उत्तर या विचारात मिळते.

संगणकावरून शिकवण्याची कल्पना अर्थातच त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली प्लेटो ही प्रणाली सुरू झाली होती. १९९०च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वेबसीटी तयार झाली, तर १९९७ साली अमेरिकेत ब्लॅकबोर्ड ही कंपनी स्थापन झाली. पुढे २००६ मध्ये वेबसीटी ब्लॅकबोर्डमध्येच विलीन झाली. व्यापारी प्रणालींचे वार्षिक परवाना-शुल्क जड वाटणाऱ्या संस्थांना मूडल हा पर्याय मिळाला. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००५ साली मूडल स्वीकारल्याने तिच्या मोठ्या प्रमाणावरील वापराविषयीच्या शंका बऱ्याच अंशी मिटल्या. चाचणीच्या साधनाचे अंतरंग त्याच विद्यापीठातील विकासकांनी प्रामुख्याने नव्याने लिहिले आणि २०११ साली ते २.१ या आवृत्तीत सर्वांसाठी खुले झाले.

चाचणी

ज्याला शिक्षक सरसकट ‘क्विझ’ म्हणतात, ते मूडलमधील सर्वांत समृद्ध साधन आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याविषयीच आहेत. महाराष्ट्रात या गैरसमजाला एक इतिहास आहे. करोनाच्या साथीत, २८ ऑगस्ट २०२० रोजी, अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी निरनिराळ्या संगणकीय प्रणालींवर बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घाईने उरकल्या. तेव्हापासून ऑनलाइन चाचणी म्हटले की कॅमेऱ्याची देखरेख, कॉपी आणि मध्येच तुटणारे इंटरनेट एवढेच अनेकांना आठवते. वास्तविक या साधनाचा सर्वोत्तम उपयोग परीक्षेसाठी नसून सरावासाठी आहे.

याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांना मजकुराचा सुमारे ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के भाग सांगता आला. आठवण्याचा प्रयत्न हेच अध्ययन आहे, एवढे या प्रयोगावरून घेतले तरी दर आठवड्याला पाच-सात प्रश्नांची, कितीही वेळा सोडवता येईल अशी चाचणी का ठेवावी, ते समजते. या चाचणीला अंतिम गुणांत नाममात्र वाटा असला तरी पुरतो.

प्रश्न तयार करण्याची पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला उंचावरून सोडलेला दगड जमिनीवर पोहोचायला किती वेळ लागेल, असे विचारायचे आहे. तो प्रश्नात उंचीचा ठरावीक आकडा लिहीत नाही. महिरपी कंसात एक चल लिहितो, उत्तराच्या जागी सूत्र देतो आणि चलाची मूल्ये कोणत्या मर्यादेत असावीत ते सांगतो. मग एका विद्यार्थ्याला २० मीटर उंची येते आणि गुरुत्वत्वरण १० धरल्यास त्याचे उत्तर २ सेकंद असते. शेजारच्याला ४५ मीटर येते आणि त्याचे उत्तर ३ सेकंद असते. एकमेकांना उत्तर सांगून काही साधत नाही, पण रीत सांगितली तर साधते, आणि रीत सांगणे हे तर शिकणेच झाले. पुढची पायरी शिक्षकाच्या अनुभवाची असते. वर्गमूळ काढायला विसरणाऱ्याचे उत्तर काय येईल, हे त्याला आधीच ठाऊक असते. तो ते चुकीचे उत्तरही प्रश्नात नोंदवतो आणि ते देणाऱ्यासाठी ‘वर्गमूळ राहिले आहे का, पाहा’ एवढी ओळ लिहून ठेवतो. रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या खोलीत गणित सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला ती ओळ त्याच क्षणी मिळते. तपासलेली वही पंधरा दिवसांनी हातात पडते तेव्हा तो प्रश्न त्याच्या डोक्यातून गेलेला असतो.

गणितासाठी स्टॅक नावाचा वेगळा प्रश्नप्रकार जोडता येतो. क्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात असताना त्याची सुरुवात केली. विद्यार्थ्याने लिहिलेली बीजराशी मॅक्सिमा या संगणकीय बीजगणित प्रणालीकडे पाठवून ती अपेक्षित उत्तराशी समतुल्य आहे की नाही, हे स्टॅक ठरवतो. त्यामुळे उत्तर अवयवांच्या रूपात लिहिले काय किंवा विस्तार करून लिहिले काय, गुण मिळतात. आणि शिक्षकाला अवयवच हवे असतील तर तशीही अट घालता येते.

खात्रीनुसार गुण देण्याची सोय मात्र आपल्याकडे फारशी कोणी वापरत नाही, याची खंत वाटते. या पद्धतीत विद्यार्थी उत्तराबरोबर आपली खात्री किती आहे तेही सांगतो. खात्री कमी असेल तर बरोबर उत्तराला १ गुण मिळतो व चुकीला ० मिळतो. मध्यम असेल तर २ मिळतात किंवा २ वजा होतात. पूर्ण खात्री सांगितली तर ३ मिळतात, पण चुकल्यास ६ वजा होतात. ठोकून दिलेले उत्तर आणि समजून दिलेले उत्तर यांतला फरक येथे उघडा पडतो. ज्या गोष्टीची पक्की खात्री होती तीच चुकीची निघाली, हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसते.

चाचणी संपल्यावर शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाची सुलभता (तो कितपत जणांना जमला) आणि भेदकता (तयारीचे व कच्चे विद्यार्थी तो किती वेगळे करतो) आकड्यांत मिळते. एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी एखाद्या प्रश्नावर अडखळले आणि इतरांना तो जमला, तर बहुतेक वेळा प्रश्नाची शब्दरचना दुहेरी अर्थाची असते किंवा नोंदवलेले उत्तरच चुकलेले असते. विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी हा तक्ता पाहणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानावे.

लेखन, चर्चा आणि परस्पर-मूल्यमापन

असाइनमेंट या साधनात विद्यार्थी निबंध, प्रकल्प वा प्रयोगवहीची पाने जमा करतो आणि शिक्षक पडद्यावरच त्यांवर खुणा व शेरे लिहितो. नावे झाकून तपासण्याची सोय त्यात आहे, तसेच निकषांचा तक्ता आधीच दाखवण्याचीही आहे. हा तक्ता काम देतानाच समोर ठेवला, तर ‘सर, गुण कशाला कापले?’ हा प्रश्न पुष्कळ कमी येतो. मुदतीची तारीख आणि त्यानंतर काहीच न स्वीकारण्याची तारीख या दोन वेगळ्या ठेवता येतात, हे अनेक शिक्षकांच्या लक्षात येत नाही.

फोरम हे साधन उघडणे सोपे आणि जिवंत ठेवणे कठीण आहे. ‘या विषयावर चर्चा करा’ असे लिहून सोडले की दोन-तीन जण लिहितात आणि उरलेले त्यांचीच री ओढतात. यावर प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम हा उपाय आहे. त्यात स्वतःचे उत्तर लिहिल्याखेरीज इतरांची उत्तरे दिसत नाहीत. लिहिल्यावरही संपादनाची मुदत संपेपर्यंत, जी मुळात ३० मिनिटांची असते, थांबावे लागते. न्यायालयाच्या एखाद्या निकालावर किंवा कवितेच्या अर्थावर साठ मुलांची साठ स्वतंत्र मते आधी यावीत आणि मग त्यांची गाठ पडावी, अशी ही रचना आहे. वर्गात कधीही हात वर न करणारी मुले येथे लिहितात, असे पुष्कळ शिक्षक सांगतात.

वर्कशॉप हे साधन सर्वांत अवघड आहे. त्यात विद्यार्थी लेखन जमा करतात, प्रणाली प्रत्येकाला इतरांचे काही लेख वाटून देते, ते निकषांनुसार तपासले जातात, आणि शेवटी विद्यार्थ्याला दोन प्रकारचे गुण मिळतात: एक स्वतःच्या लेखनाचे आणि दुसरे इतरांचे लेखन किती नेटकेपणाने तपासले त्याचे. मूळ मांडणीत हे प्रमाण ८० आणि २० असे असते. पहिल्या खेपेला गोंधळ होतोच, म्हणून आधी एक नमुना-लेख सगळ्यांनी मिळून वर्गात तपासावा. दुसऱ्याचा परिच्छेद कुठे ढासळला हे शोधता आलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचा परिच्छेदही वेगळा दिसू लागतो.

भारतातील व मराठीतील वापर

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत मूडल दैनंदिन वापरात आहे आणि तेथूनच चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मूडलचा वापर शिकवणारे पाठही तयार केले आहेत. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेला स्वयम् हा राष्ट्रीय मंच मात्र वेगळ्या जातीचा आहे. तेथे एका शिक्षकाचा अभ्यासक्रम देशभरातील कोणीही घेऊ शकतो, तर मूडल हे शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गासाठी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली स्वयम्‌वरील अभ्यासक्रमांना २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. श्रेयांकांच्या या चर्चेत स्वतःच्या वर्गातील साधनांकडे दुर्लक्ष होते, असे खेदाने नमूद करावे लागते. बहुतेक महाविद्यालयांत मूडलचे रूप फायलींच्या कपाटासारखे राहते. पीपीटी आणि जुन्या प्रश्नपत्रिका चढवल्या जातात आणि काम झाले असे मानले जाते.

याला केवळ शिक्षक जबाबदार नाहीत. परवाना फुकट असला तरी सर्व्हर, राखीव प्रती, नव्या आवृत्त्या आणि सुरक्षितता सांभाळायला माणूस लागतो. तो पूर्णवेळ नेमण्याऐवजी संगणकशास्त्राच्या एखाद्या तरुण प्राध्यापकावर हा भार टाकला जातो आणि तो नोकरी सोडून गेला की सारे ठप्प होते. एक नीट चाचणी रचायला वर्गाच्या तासाहून अधिक वेळ लागतो, पण कार्यभाराच्या तक्त्यात त्या वेळेला रकाना नसतो.

मराठीतून शिकवणाऱ्यांपुढे आणखी काही अडचणी येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली टिपणे मूडलमध्ये चिकटवली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. ती युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतात रूपांतरित करून पुन्हा तपासावी लागतात. लघुत्तरी प्रश्नात प्रणाली अक्षरे जुळवून पाहते, त्यामुळे ‘संत ज्ञानेश्वर’ आणि ‘ज्ञानेश्वर महाराज’ ही उत्तरे चुकीची ठरू नयेत म्हणून ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाच्या मागेपुढे तारांकन देऊन ठेवावे लागते. ‘पायऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, म्हणून दोन्ही रूपे उत्तरांत नोंदवणे इष्ट. संख्यात्मक प्रश्नात आकडे इंग्रजी लिपीत लिहावेत, अशी सूचना ठळकपणे द्यावी, नाहीतर देवनागरीत ‘२’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर वाया जाते.

गावाकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मूडलचे मोबाइल ॲप विशेष उपयोगी आहे. महाविद्यालयाच्या वायफायवर साहित्य उतरवून घेतले की ते घरी इंटरनेटशिवाय वाचता येते. शिक्षकाने चाचणीत तशी परवानगी दिली असेल तर चाचणीही ऑफलाइन सोडवून नंतर पाठवता येते. ही परवानगी मुळात बंद असते आणि ती आठवणीने द्यावी लागते. शिक्षकालाही प्रश्न लिहिण्यासाठी सतत जोडणी लागत नाही. गिफ्ट या नावाच्या साध्या मजकूर-पद्धतीत नोटपॅडवर प्रश्न लिहायचा, महिरपी कंसात बरोबर पर्यायाआधी बरोबरीचे चिन्ह (=) आणि चुकीच्या पर्यायांआधी लाटेसारखे चिन्ह (~) द्यायचे, दोन प्रश्नांत एक रिकामी ओळ सोडायची आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात जतन करायची. अशी शंभर प्रश्नांची फाइल एका खेपेत प्रश्नपेढीत चढते आणि दुसऱ्या महाविद्यालयातील त्याच विषयाच्या शिक्षकाला ईमेलने पाठवता येते.