अपेक्षेपेक्षा बरं

भाची नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आली. चपला काढायच्या आधीच मैत्रिणीसाठी इंग्रजीत मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी फोन माझ्यासमोर धरला. "मामा, बरोबर आहे का बघ ना." वाक्य होतं, 'इट वॉज मोअर बेटर दॅन आय एक्सपेक्टेड.' म्हटलं, त्यातलं 'मोअर' काढ. ती लगेच म्हणाली, "का पण? जास्तच चांगली झाली ना!"

तिचा प्रश्न मला फार आवडला, कारण ती चूक तिने मराठीतून आणलेली होती. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. 'उंच' हा उंचच राहतो आणि तुलनेचा सगळा भार ज्याच्याशी तुलना करायची त्याच्यावर जातो: 'गीतापेक्षा उंच'. इंग्रजी मात्र विशेषणालाच हात घालते. टॉलचं टॉलर, इझीचं इझिअर. शब्द लांबलचक असेल तर शेपूट जोडण्याऐवजी आधी 'मोअर' येतो. 'बेटर'मध्ये 'अधिक' हा अर्थ आधीच मुरलेला आहे, पण 'गुड'शी त्याचा चेहरा जुळत नसल्यामुळे तो आपल्याला दिसत नाही. म्हणून आपण वरून आणखी एक 'मोअर' घालतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चांगल्या इंग्रजी लेखनातही असे दुहेरी प्रयोग सापडतात. ते चूक ठरले नंतर.

आणि आपणही हेच करतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांच्या शेवटी असलेला संस्कृत 'इष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट'मधला 'एस्ट' हे एकाच घराण्यातले प्रत्यय. इतकंच काय, 'स्वीटेस्ट' आणि संस्कृत 'स्वादिष्ठ' हे शब्द मुळापासून टोकापर्यंत भाऊभाऊ आहेत. दोन्हींचा मूळ अर्थ 'सर्वांत गोड'. मराठीत आपण तो 'स्वादिष्ट' असा लिहितो, आणि फेब्रुवारीत द्राक्षांचा घड हातात घेऊन 'ही काळी जास्त स्वादिष्ट आहेत' असं बिनदिक्कत म्हणतो. जुना प्रत्यय झिजला की माणसं नवा चढवतात. सगळ्या भाषांचं असंच चालतं.

पण मला खरा मोह आहे तो 'पेक्षा' या शब्दाचा. हा मुळात संस्कृत 'अपेक्षा'. त्यात 'ईक्ष्' म्हणजे पाहणं हा धातू आहे. सापेक्षतावादातला 'सापेक्ष' याच कुळातला. 'गीतापेक्षा उंच' म्हणजे गीताकडे पाहता उंच. आता भाचीचं वाक्य मराठीत म्हणून बघा: 'अपेक्षेपेक्षा चांगली झाली.' एकाच शब्दात अपेक्षा दोनदा आली, एकदा मनातली आणि एकदा व्याकरणातली.

दुसरा प्रत्यय 'हून'. 'नाशिकहून निघालो' आणि 'पुणं नाशिकहून मोठं' या दोन्हींत तोच. म्हणजे तुलना करताना आपण आधी नाशकात उभे राहतो आणि तिथून पुण्याकडे नजर टाकतो. हिंदीतला 'से' हेच काम करतो. लिऑन स्टासन या डच भाषाशास्त्रज्ञाने जगभरच्या १६७ भाषांतल्या तुलनेच्या रचना ताडून पाहिल्या, तेव्हा जागेवरून किंवा दिशेवरून तुलना करणाऱ्या भाषाच सर्वांत जास्त निघाल्या. इंग्रजीसारखा 'दॅन' वापरणाऱ्या सर्वांत कमी, आणि त्या मुख्यतः युरोपातल्या. हा 'दॅन' म्हणजे तरी काय? 'नंतर' या अर्थाच्या 'देन'चाच जुळा भाऊ. स्वाहिलीत तुलनेसाठी 'हरवणं' हे क्रियापद येतं, म्हणजे तो याला उंचीत हरवतो. काही भाषा दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवतात: हा उंच, तो ठेंगणा. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. इंग्रज माणूस 'इझिअर सेड दॅन डन' म्हणतो तिथे आपण 'बोलणं सोपं, करणं कठीण' म्हणून मोकळे होतो.

अनुभव सांगताना इंग्रजीत एक घोटाळा हटकून होतो. कुणी म्हणालं, 'आय हॅव्ह नेव्हर फेल्ट बेटर', तर मराठी कानाला ऐकू येतं, 'मला कधी बरंच वाटलं नाही'. अर्थ नेमका उलटा, इतकं छान याआधी कधीच वाटलं नव्हतं. 'कुडन्ट बी बेटर'चंही तसंच. या वाक्यांत 'दॅन' आणि त्यापुढचं सगळं गाळलेलं असतं आणि ऐकणाऱ्याने ते मनात भरायचं असतं. 'दॅन धिस' असं मनात म्हटलं की वाक्य सरळ होतं. मराठीत आपण ती मोजपट्टी बोलून दाखवतो: 'यापरतं सुख नाही.' 'आय हॅव्ह सीन वर्स' म्हणजे याहून वाईट पाहिलंय, तेव्हा हे चालेल. आपल्या 'दगडापेक्षा वीट मऊ'च्या अगदी जवळचं.

मेंदूसुद्धा अशीच तुलना करतो, आणि ही गोष्ट मला व्याकरणाइतकीच विलक्षण वाटते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. अवचित रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. खुणेनंतर रस मिळतो हे माकड शिकलं, की त्या खुणेलाच उसळायच्या, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावायच्या. १९९७मध्ये शुल्त्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी किती मिळालं हे कळवत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं ते कळवतात.

मग अपेक्षाच कमी ठेवली तर? रॉब रटलेज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हेच तपासलं, मोबाइलवरच्या एका खेळातून, १८ हजारांहून अधिक लोकांवर. क्षणाक्षणाचा आनंद खरोखरच फळ आणि अपेक्षा यांच्यातल्या फरकावर हलत होता. पण चांगलं काही होणार ही अपेक्षा फळ मिळायच्या आधीच आनंद देऊन जात होती. माझ्या मते हा निष्कर्षाचा अर्धा भाग लोक नेहमी विसरतात.

त्या पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढलं आणि आम्ही दोघं रामकुंडाकडे बघायला गेलो. तिथे पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते नंतर. आधी विचारतात, पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला? त्या दिवशी कमरेला होतं. शेजारी उभ्या असलेल्या, बाहेरगावच्या वाटणाऱ्या माणसाने बायकोचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या पुढच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "२०१९ला डोक्यावरून गेलं होतं, बाळा."

भाचीने फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'वी हॅव्ह सीन वर्स.' या वेळी तिने मला विचारलं नाही.