ओतीव पॉलियुरेथेन उद्योगाची व्यवसाय-संघटना

साच्यात द्रव पॉलियुरेथेन ओतून रोलर, चाके, अस्तरे, सील, चाळण्यांची पॅनेल असे भाग बनवणारे कारखाने आणि त्यांना रसायने व यंत्रे पुरवणारे व्यापारी मिळून चालवतात ती संस्था. अमेरिकेतील पॉलियुरेथेन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन (स्थापना १९७१) ही खास ओतीव मालासाठीची संघटना. भारतातील इंडियन पॉलियुरेथेन असोसिएशनचा आवाका मोठा, त्यात गादी-सोफ्याचा फोमही येतो.

पॉलियुरेथेनचे मूळ रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे शोधले. (बायर कंपनीच्या घराण्याशी त्यांचे नाते नव्हते, फक्त आडनाव जुळले.) नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मात्र त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही; ते ‘पीयू’. कोळसा आणि मँगनीज ही या भागाची मिळकत. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये शहरातच आहेत, कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रे हाकेच्या अंतरावर. दगड, कोळसा, राख जिथे दिवसरात्र घासते तिथे पोलाद झिजते आणि साधे रबर फाटते, त्यामुळे माल वाहणाऱ्या पट्ट्याला चिकटलेली भुकटी खरवडणाऱ्या पातीपासून चाळणीच्या पॅनेलपर्यंत पीयूला मागणी असते.

संघटनेची गरज का पडते, हे ओतकामाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रीपॉलिमर नावाचा काकवीसारखा दाट द्रव ८० ते १०० अंशांपर्यंत तापवतात, निर्वातात ठेवून त्यातली हवा काढतात आणि वितळवलेला क्युरेटिव्ह, म्हणजे द्रवाला घट्ट करणारा पदार्थ, त्यात मिसळतात. हातात वेळ असतो दहा मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात साचा भरला नाही तर माल बादलीतच घट्ट होतो. साच्यातून काढलेला भाग पुढे सहसा १०० अंशांच्या ओव्हनमध्ये सोळा तास पिकतो.

खरी मेख मापात आहे. ४.१ टक्के एनसीओ (क्युरेटिव्हशी जुळणारा आयसोसायनेटचा गट) असलेल्या १०० किलो प्रीपॉलिमरला मोका हा क्युरेटिव्ह ९५ टक्के प्रमाणाने, म्हणजे सगळा एनसीओ जुळवायला हिशोबाने लागतो त्याच्या ९५ टक्के, द्यायचा तर साधारण १२.४ किलो लागतो. हेच प्रमाण ८५-९० टक्क्यांवर आणले तर दाबून ठेवलेला भाग मूळ आकारात चांगला परततो. शंभरीकडे नेले तर फाटण्याला आणि वारंवार वाकण्याला तो जास्त टिकतो. गंमत अशी की कठीणपणा मोजणाऱ्या शोअर मापकाची सुई तिन्ही तुकड्यांवर जवळपास एकच आकडा दाखवते. आणि खरेदीच्या ऑर्डरवर बहुतेक वेळा तेवढाच आकडा लिहिलेला असतो: ‘पीयू रोलर, ९० शोअर ए’.

पॉलिएस्टर की पॉलिइथर, पीयूच्या या दोन जातींपैकी कोणती, हाही प्रश्न त्या एका आकड्यात दडून राहतो. पॉलिएस्टर जातीचा माल तेलाला आणि घासण्याला चांगला, पण गरम दमट जागी पाणी त्याच्या साखळ्या तोडते. खाणीच्या पाण्यात पॉलिएस्टरचे अस्तर बसवले तर काही काळाने ते चिकट होते, नखाने उकरावे तसे सुटू लागते. तिथे पॉलिइथरच हवे. नवे असताना दोन्हींची चमक सारखी, कठीणपणाही सारखा. स्वस्त कोटेशन देणारा आणि चोख काम करणारा यांतला फरक गिऱ्हाइकाला पावसाळा उलटल्यावर कळतो.

पावसाळ्याचे दुखणे कारखान्यातही आहेच. प्रीपॉलिमरमधले आयसोसायनेट पाण्याशी भिडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आषाढ-श्रावणात उघडा राहिलेला ड्रम हवेतली ओल ओढतो आणि पुढच्या ओतकामात बुडबुडे दिसतात. म्हणून ड्रम बंद करण्याआधी वर कोरड्या नायट्रोजनचा थर सोडतात.

अशा संघटनेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एक भाषा देणे: कठीणपणाबरोबर फाडबळ, झीज, उसळी, दाबाखालचा कायमचा बसकेपणा हे कोणत्या चाचणीने मोजायचे, पोलादी गाभ्याला पीयूने किती घट्ट धरले आहे हे कसे तपासायचे. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि वार्षिक सभा हेही चालते. भाव मात्र संघटनेत ठरवता येत नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली तो गुन्हेगारी खटल्याचा नव्हे, पण जबर दंडाचा विषय आहे.

दुसरे मोठे काम सुरक्षिततेचे. मोकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तो कातडीतून शरीरात शिरतो, म्हणून निव्वळ तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हातमोजे लागतात, आणि कामगाराच्या लघवीची तपासणी करूनच तो शरीरात किती गेला ते समजते. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१७ नंतर परवान्याशिवाय त्याचा वापर बंद झाला. टीडीआय या आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडतो, आणि एकदा जडला की अगदी थोड्या वाफेनेही उचल खातो.

आयसोसायनेट म्हटले की आपल्याकडे १९८४ चे भोपाळ आठवते. तिथला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो ३९ अंशांनाच उकळतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर द्रव राहूच शकणार नाही. टीडीआय उकळायला सुमारे २५० अंश लागतात. दोन्ही एकच समजणे चूक, पण या फरकाच्या भरवशावर पंखा बंद ठेवून काम करणेही तितकेच चूक.

नागपुरात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन अशा संघटना आहेत. त्या जागेच्या संघटना: वीजदर, रस्ते, पाणी, भूखंड हे त्यांचे प्रश्न, आणि स्टील फॅब्रिकेशनवाला, औषधवाला, पीयूवाला तिथे एकाच टेबलाशी बसतात. मालाच्या संघटनेत वीजदराची चर्चा क्वचितच होते. तिथे भांडण होते ते क्युरेटिव्हच्या प्रमाणावर, की ९५ टक्के धरायचे की ९०.