चाकाची ग्रिप आणि चॅम्पियनांची परीक्षा

मोटार रॅलीतला सेबास्टियन लोब मोठा की फॉर्म्युला वनमधला मायकल शूमाकर, हा वाद नागपूरच्या धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर दुकान बंद होईपर्यंत चालू शकतो. लोबच्या नावावर 9 जागतिक विजेतेपदे, शूमाकरच्या नावावर 7. पण एकाचा खेळ बर्फ, खडी आणि घाटाचा, दुसऱ्याचा गुळगुळीत डांबराचा. तुलना करायची कशी? त्यासाठी एक स्पर्धाच आहे: रेस ऑफ चॅम्पियन्स. सगळ्यांना सारख्या गाड्या, छोटासा ट्रॅक आणि एका वेळी फक्त दोघे. लोब आणि शूमाकर दोघेही या स्पर्धेत उतरले आहेत.

स्पर्धेची सुरुवात एका अपघाताच्या आठवणीतून झाली. 2 मे 1986 रोजी कोर्सिकाच्या रॅलीत फिनलंडचा हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो यांची लान्चिया गाडी रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही गेले. ‘ग्रुप बी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या अचाट ताकदीच्या गाड्यांवर पुढच्या मोसमापासून बंदी आली. 1988 साली मिशेल मूटों आणि फ्रेड्रिक योहान्सन यांनी टोइव्होनेनच्या स्मरणार्थ ही स्पर्धा सुरू केली. मूटों म्हणजे 1981 मध्ये सानरेमोची रॅली मारणारी, जागतिक रॅली मालिकेतली एखादी फेरी जिंकणारी पहिली बाई. वैयक्तिक विजेत्याला आजही टोइव्होनेनच्या नावाचा चषक मिळतो. 2004 मध्ये ही स्पर्धा पॅरिसच्या स्टाद द फ्रान्समध्ये आली, आणि फुटबॉलच्या मैदानावर डांबर अंथरून शर्यती होऊ लागल्या.

मला सगळ्यात आवडतो तो तिथला ट्रॅक. दोन लेन शेजारी शेजारी, एक आतली, एक बाहेरची. आता आतली लेन आखूड पडणार, मग बाहेरच्यावर अन्याय नको म्हणून काय करायचे? चारशे मीटर धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या धावपटूला पुढे उभे करतात. गाड्यांना हा उपाय चालत नाही, कारण वळणावर गाडी किती वेगात जाऊ शकते हे त्या वळणाच्या त्रिज्येवरही ठरते. डांबरावर टायरची ग्रिप, म्हणजे रस्ता धरून ठेवण्याची ताकद, साधारण गाडीच्या वजनाइतकी धरू. मग 12 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 39 किलोमीटरच्या आसपास मर्यादा येते आणि 18 मीटरच्या वळणावर 48 ची. म्हणजे बाहेरच्या लेनमध्ये अंतर दीडपट, पण वेळ लागतो सव्वापटीपेक्षाही कमी. ग्रिप बदलली की सेकंदांतला हा फरकही बदलतो. किती मीटर पुढे उभे करायचे याचे एकच बरोबर उत्तर निघतच नाही. त्यावर काढलेली युक्ती साधी आहे: ट्रॅकवर एक पूल बांधायचा. आतली लेन पुलाखालून बाहेर येते, बाहेरची पुलावरून आत जाते. दोन फेऱ्यांत दोघेही दोन्ही लेन धावून मोकळे.

आता ड्रायव्हरकडे येऊ. फॉर्म्युला वनची गाडी वळणावर चिकटून राहते ती मुख्यतः हवेच्या जोरावर. पंख आणि गाडीचा तळ हवेला असे वळवतात की गाडी खाली दाबली जाते, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उलट बाजूने पाहा: ताशी 240 ला जेवढा दाब, त्याचा फक्त सोळावा हिस्सा ताशी 60 ला उरतो. स्टेडियममधल्या वळणांवर तर वेग त्याहूनही कमी. म्हणजे शूमाकरने आयुष्यभर ज्या हवेवर भरवसा ठेवला, ती इथे जवळपास रजेवर असते. शिवाय रेसिंग टायर चांगले तापल्याशिवाय नीट चिकटत नाही, आणि दोन फेऱ्यांत तो तापणार किती?

रॅलीवाल्याला याचे काही वाटत नाही. त्याचे शिक्षणच घसरण्यात झालेले असते. गाडी वळते तेव्हा चाकाचे तोंड एकीकडे आणि चाकाची प्रत्यक्ष वाटचाल थोडी दुसरीकडे असते. या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. डांबरावर हा कोन काही अंशांचा होईपर्यंत ग्रिप वाढत जाते, मग घटते. सर्किटचा ड्रायव्हर त्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे, केसाच्या अंतरावर खेळतो. मोकळ्या खडीवर हिशेब वेगळा. तिथे आडवे घसरणारे चाक आपल्यापुढे खडीचा ढीग रचते आणि त्या ढिगाचाच टेकू घेते, म्हणून बरेच जास्त घसरूनही गाडी हाताबाहेर जात नाही. ब्रेकचेही तसेच. कोरड्या डांबरावर चाक लॉक झाले की गाडी थांबायला जास्त अंतर लागते. खडीवर लॉक झालेले चाक जमिनीत रुतून लवकर थांबवू शकते. म्हणजे डांबरावर जी चूक, ती खडीवर कौशल्य.

विदर्भातली काळी माती मात्र या दोन्ही खात्यांत बसत नाही. या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात. जुलैत उमरेडकडच्या एखाद्या पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यात, मोटारसायकल घाला आणि शंभर पावलांवर थांबून टायर पाहा: खाचा चिखलाने गच्च भरलेल्या, रबर दिसतच नाही, मडगार्डखाली गोळा अडकून चाक फिरेनासे झालेले. खडीसारखा टेकू देणारा ढीग इथे तयार होत नाही. चिखलावर चिखल घसरतो. ट्रॅक्टरवाले पोट्टे अशा ठिकाणी रेस न वाढवता, चाक जेमतेम घसरेल इतकेच फिरवत गाडी काढतात. कोणी शिकवलेले नसते, पण ग्रिपचे टोक त्यांना बुडाखाली कळते. बक्षीस नाही म्हणून, नाहीतर ती रेसिंगचीच विद्या आहे राजेहो.

निकालांत हे दिसते का? बऱ्यापैकी दिसते. लोबने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली, शेवटची 2025 मध्ये सिडनीत. शूमाकरने सेबास्टियन फेटेलबरोबर जर्मनीला 2007 पासून सलग सहा वेळा देशांचा चषक मिळवून दिला, पण वैयक्तिक चषक त्याला कधीच मिळाला नाही. 2007 आणि 2009 अशा दोन्ही अंतिम लढतींत त्याला हरवणारा माणूस एकच, स्वीडनचा मातियास एकस्ट्रम. हा एकस्ट्रम जर्मनीच्या टूरिंग कार मालिकेचा दोनदा विजेता, म्हणजे डांबरावरचा माणूस. आणि 2016 चा रॅलीक्रॉसचा जगज्जेताही, म्हणजे अर्धे डांबर, अर्धी मातीवाला. माझ्या मते या स्पर्धेचा खरा नमुना तोच. एका पृष्ठभागावर शंभर टक्के पारंगत असण्यापेक्षा, पहिल्याच वळणावर ग्रिपचा अंदाज घेऊन हात-पाय बदलता येणे इथे जास्त कामाचे.

तरी रॅलीवाला म्हणजे विजेता, असे सरसकट म्हणू नये. डेव्हिड कुल्टहार्ड दोनदा जिंकला, फेटेल 2015 मध्ये, हुआन पाब्लो मोंतोया 2017 मध्ये. हे सगळे फॉर्म्युला वनचे. 2022 मध्ये स्पर्धा स्वीडनच्या पिटेओजवळ बर्फावर झाली, तेव्हाही अंतिम फेरीत लोबसमोर फेटेलच होता. बर्फाबद्दल आपल्याकडे एक समज आहे की जितकी थंडी तितके घसरडे. उलट आहे. शून्याच्या जवळचा बर्फ सर्वात निसरडा, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो. उणे वीसमध्ये तो थर जवळपास नाहीसा होतो, बर्फ कडक होतो आणि टायरमधले खिळे त्यात रुतून धरतात.

मोंतोया जिंकला त्या मायामीच्या स्पर्धेत पोलॅरिस स्लिंगशॉट नावाची तीनचाकी गाडीही होती. पुढे दोन चाके, मागे एक. आपल्या ऑटोच्या नेमके उलट. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते. ऑटोत पुढे एकच चाक, म्हणजे वजन जिकडे जाते तिकडेच पाया अरुंद, म्हणून सीताबर्डीच्या वळणावर ऑटो एका बाजूने उचलल्यासारखा वाटतो. स्लिंगशॉटमध्ये वजन रुंद बाजूकडे जाते. त्यामुळे ती सहजी कलंडत नाही, पण कठड्याला चाक अडले तर हे सगळे गणित बाजूला राहते. पास्कल वेर्लाइनची गाडी त्या वर्षी अशीच कठड्याला आदळून उलटली; त्या दुखापतीमुळे तो फॉर्म्युला वनच्या मोसमातल्या पहिल्या दोन शर्यतींना मुकला.

भारताकडून नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक 2012 मध्ये बँकॉकला या स्पर्धेत उतरले होते. भारतात ती झाली, तर नागपूरजवळचे जामठ्याचे क्रिकेट स्टेडियम मापाला पुरेल. क्रिकेटचे मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा ऐसपैस असते. अडचण उन्हाची. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. (2024 च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवून देशभर खळबळ उडवली, पण तो सेन्सरचा घोळ निघाला.) अशा दुपारी काळे डांबर साठ अंशांच्या वर जाते. टायर तापवण्याचा प्रश्न मिटतो, पण मऊ पडलेल्या डांबरावर ग्रिपही मऊ पडते. शिवाय 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के विरळ, त्यामुळे इंजिनला ऑक्सिजन कमी. तेव्हा डिसेंबरातली रात्र धरावी. आणि खेळपट्टी वाचवायला क्युरेटरला आधी विश्वासात घ्यावे. 2015 च्या दक्षिण आफ्रिका कसोटीनंतर आयसीसीने जामठ्याच्या खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला होता, तो शेरा अजून इथे कोणी विसरलेले नाही.