चादरीवरचं फूल आणि डॅकमधली लाट

माझे मामा सोलापूरच्या पूर्वभागात चाळीस वर्षं चादरींची नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर फूल उतरवायचं, एकेक चौकट पेन्सिलीनं भरायची आणि त्यावरून जॅकार्ड मागाची भोकांची कार्डं पाडून घ्यायची, हे त्यांचं काम. काम थांबल्यावर त्यांनी गाणं ऐकण्याचा शौक मनापासून धरला. चांगले स्पीकर आणले, ॲम्प्लिफायर आणला आणि गेल्या उन्हाळ्यात मला फोन केला. "डॅक घ्यायचा म्हणतोय. एक वीस हजारांचा आहे, एक दीड लाखाचा. दोन्ही ऐकायला घरी आणलेत. महागातला सरस वाटतोय. पैसे भरायच्या आधी तू एकदा येऊन बघ."

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. सीडीत किंवा मोबाइलमधल्या फाइलीत गाणं नसतं, आकडे असतात. सीडीच्या बाबतीत डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला 44,100 आकडे, आणि प्रत्येक आकडा 65,536 पातळ्यांपैकी एक पातळी सांगतो. त्या आकड्यांवरून विजेचा खालीवर होणारा दाब तयार करायचा, म्हणजे पुढे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर त्याचा आवाज करतील, एवढं डॅकचं काम. (44,100 हा अडनिडा आकडा कुठून आला? सुरुवातीला हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या एका ओळीत दर बाजूचे 3 आकडे, 245 ओळी, सेकंदाला 60 वेळा. गुणाकार करून बघा.)

मामांना हे पटकन उमगलं. जॅकार्डच्या कार्डावर भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसलं की धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर अख्खी चादर विणली जाते. "म्हणजे डॅक हा आमचा मागच की," ते म्हणाले. मग त्यांनी पलंगावरची चादर ओढून माझ्यापुढे धरली आणि फुलाच्या पाकळीच्या कडेवर बोट ठेवलं. लांबून गोल दिसणारी ती कड जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची होती. "मग गाण्यालाही अशाच पायऱ्या पडत असणार. महागड्या डॅकमध्ये पायऱ्या बारीक, म्हणून आवाज गोड."

डिजिटल आवाजाबद्दलचा सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच आहे, आणि मागाची उपमाही इथवरच चालते. दोन बिंदूंमधून सरळ रेषा एकच जाते, हे आपण शाळेत शिकलो. तसंच, आवाजात ठरावीक मर्यादेपेक्षा जलद कंपनं नाहीत हे नक्की असेल, तर मोजलेल्या सगळ्या ठिपक्यांतून (प्रत्येक आकडा म्हणजे लाटेवरचा एक ठिपका) जाणारी लाटही एकच असते. ती मर्यादा म्हणजे सेकंदाला जितके ठिपके घेतले त्याच्या निम्मी. अभियंते नायक्विस्ट यांनी 1928 साली या विचाराचा पाया घातला आणि गणितज्ञ शॅनन यांनी 1949 साली तो सिद्धांत म्हणून मांडला. माणसाचा कान फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, 44,100 ची निम्मी मर्यादा 22,050 आहे. पायरीची कड ही मुळात त्या मर्यादेवरच्या जलद कंपनांची बनलेली असते. डॅकमधला फिल्टर ती कंपनं काढून टाकतो, की उरते ती गुळगुळीत, मूळची लाट. ठिपके जास्त घेतल्यानं ऐकू येणारी लाट अधिक गोल होत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी 96,000 ठिपके आणि 24 बिट (बिट म्हणजे एक हो-नाही; सीडीच्या 65,536 पातळ्या 16 बिटांत बसतात) फार उपयोगी पडतात, पुढच्या कामाला मोकळी जागा मिळते. घरी ऐकताना त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

आकड्यांचा विजेचा दाब करायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत रोधकांची (रेझिस्टरांची) शिडी असते, प्रत्येक बिटाला एक पायरी. सोपी वाटते, पण 16 बिटांना पुरे पडायचं तर सगळ्यात मोठ्या पायरीचा रोधक 65,536 त एक भाग इतका नेमका हवा, आणि खोली तापली तरी तो हलता कामा नये. सोलापूरच्या मे महिन्यात ही मागणी थोडीथोडकी नव्हे. दुसरी रीत डेल्टा-सिग्मा. आपल्या पंख्याचा सलग फिरणारा (पायऱ्या नसलेला) इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज कमीजास्त करत नाही, सेकंदाला 100 वेळा तोडतो आणि जोडतो. किती वेळ जोडलेली राहिली त्यावर पंख्याचा वेग ठरतो. डेल्टा-सिग्मा डॅक हेच सेकंदाला लाखो वेळा करतो आणि त्या उघडझापीची सरासरी म्हणजे आपली लाट. यात होणारी चूक तो कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांकडे ढकलून देतो. फिलिप्सनं आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये 14 बिटांचीच चिप वापरली होती, पण चारपट जलद चालवून आणि चूक अशी वर ढकलून तिच्याकडून 16 बिटांचं काम करून घेतलं. मला ही युक्ती आजही विलक्षण वाटते.

आज बहुतेक डॅक दुसऱ्या रीतीचे आहेत. जाहिरातीत चिपचं नाव ठळक असतं, पण निव्वळ चिपवर जाऊ नये. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या आसाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक डॅक कंपन्यांनी आपल्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीची चिप बसवली आणि मापं पुन्हा उत्तम आणून दाखवली. चिपच्या भोवतीचा वीजपुरवठा, आकड्यांचा ठेका धरणारं घड्याळ आणि पुढचं ॲनालॉग सर्किट कसं बांधलंय, हे तितकंच महत्त्वाचं असतं.

मामांना मात्र दोन डॅकमधला फरक ऐकू येत होता आणि ते खोटं बोलत नव्हते. मी मल्टिमीटर काढला. 300 कंपनांचा एकसुरी आवाज लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर दाब मोजला. स्वस्त डॅकवर 1.60 व्होल्ट, महागड्यावर 2.00. म्हणजे जवळजवळ 2 डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला "मोठा आवाज" म्हणून जाणवत नाही. तबला भरीव वाटतो, गळ्यातले बारकावे पुढे येतात, सगळं जास्त "उघडं" वाटतं. दुकानात डॅक ऐकताना हमखास इथेच गफलत होते. तुलना करायची तर दोन्हींचा दाब शंभरात एका भागाच्या आसपास जुळवून घ्यायला हवा, 0.1 डेसिबल म्हणतात ते हेच.

आम्ही तो जुळवला. मग ॲम्प्लिफायरपुढे चादरीचा आडपडदा धरला. मामी पडद्यामागे बसल्या. नाणं उडवायचं, छापा पडला तर एक, काटा पडला तर दुसरा, वहीत नोंद करायची आणि अवाक्षर काढायचं नाही. असं 16 वेळा. नुसत्या अंदाजानं 16 पैकी 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच असते, म्हणून 12 ही रेघ आम्ही आधीच आखून ठेवली होती. मामांचे 9 बरोबर आले. त्यांनी वही हातात घेऊन सगळ्या नोंदी पुन्हा एकदा तपासल्या. मग म्हणाले, "आवाज सारखा केल्यावर मला ओळखता येत नाही. हे खरं."

एका घरातल्या, एका माणसाच्या चाचणीवरून सगळ्या डॅकना एकाच मापानं मोजता येणार नाही. पण आकडेही याच बाजूनं बोलतात. आज दहा-पंधरा हजारांच्या अनेक डॅकमध्येही खरखर आणि विकृती (डिस्टॉर्शन) मिळून मूळ आवाजाच्या 110 डेसिबल खाली असते, म्हणजे तीन लाखांत साधारण एक भाग. चांगल्या स्पीकरची विकृती शेकड्यात अर्धा-एक भाग सहज असते, खर्जात त्याहून जास्त. शिवाय मामांच्या खोलीत शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि डोक्यावर पंखा. पंखा चालू असताना खोलीतच 45 डेसिबलच्या आसपास आवाज असतो. तिथे डॅकची खरखर 120 डेसिबल खाली आहे की 125, हा फरक कागदावरच राहतो.

एक फरक मात्र कोणालाही ऐकू येत होता. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक "घूंऽऽ" यायचं, दोन्ही डॅकवर. चार्जर काढला की बंद. लॅपटॉप एका भिंतीवरच्या बोर्डाला, ॲम्प्लिफायर समोरच्या, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक. तो फरक यूएसबीच्या तारेतून वाट काढत आवाजात मिसळत होता, आपल्या विजेच्या 50 कंपनांची घरघर घेऊन. दोन्ही एकाच बोर्डावर आणल्यावर ती बरीच खाली गेली, आणि ऑप्टिकल तारेनं जोडल्यावर पूर्ण थांबली. त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जातच नाही. घरघर घालवायला अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका, जिवावर बेतेल.

म्हणून डॅक बघताना मी आधी मागची बाजू बघतो. ऑप्टिकल इनपुट आहे का? यूएसबी असिंक्रोनस आहे का, म्हणजे आकडे कधी घ्यायचे ते डॅकचं स्वतःचं घड्याळ ठरवतं की संगणक? साध्या आउटपुटला 2 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का? ॲम्प्लिफायरला बॅलन्स्ड इनपुट (एकच आवाज सुलट-उलट अशा दोन तारांतून घेणारं) असेल आणि तार लांब असेल, तर बॅलन्स्ड आउटपुटला जास्त पैसे देणं मला पटतं, बाहेरची घरघर त्यात कापली जाते. आणि दुरुस्ती भारतात होते का, हे विचारून घ्यावं.

मामांनी वीस हजारांचा डॅक ठेवला. उरलेल्या पैशांतून खोलीचं काम काढलं. चादरी भिंतीला चिकटवून टांगायचा त्यांचा बेत होता. मी त्या घड्या पाडून, भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे टांगायला सांगितल्या. 1,000 कंपनांच्या लाटेची लांबी 34 सेंटिमीटर असते, आणि तिच्या चौथाईइतक्या अंतरावर कापड सगळ्यात चांगलं काम करतं. खर्जाची लाट तीन-साडेतीन मीटरची, तिला चादर पुरत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले.

शेवटी एक तक्रार राहिली होती. काही नवी गाणी चढ्या सुरात करकरायची, जुनी नाही. मी मामांना त्यांचाच चौकटीचा कागद मागितला. सेकंदाला 11,025 कंपनांचा सूर घेतला, तर सीडीत त्याच्या एका आवर्तनाला चारच ठिपके येतात. ते शिखराच्या दोन्ही बाजूंना सारखे पडले, तर प्रत्येक ठिपका शिखराच्या 71 टक्के उंचीवरच असतो. गाणं दणदणीत करायच्या नादात कोणी ठिपके कमाल पातळीला टेकवले, की मधलं शिखर तिच्या 3 डेसिबल वर जातं. डॅकच्या फिल्टरमध्ये तेवढी जागा राखलेली नसेल तर शिखर छाटलं जातं. हा फरक डॅकनुसार खरोखर बदलतो आणि तो फार कमी वेळा विचारला जातो.

मामांनी कागदावर चार ठिपके दिले, दोन वरच्या रेघेवर, दोन खालच्या. मग त्यांतून जाणारी लाट एका हातासरशी काढली, चाळीस वर्षं पाकळ्या काढलेल्या हातानं. ती दोन्हीकडे रेघेबाहेर गेली. त्यांनी ती बघितली, उठले, आणि लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी उणे तीनवर आणून तेच गाणं पुन्हा लावलं.