नुकत्याच टोचलेल्या कानात काय घालावं
(मालवण बाजारातल्या आमच्या सराफी पेढीकडून, गिऱ्हाइकांसाठी)

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मग मे महिना, मुंबईची मंडळी गावी आली की आमच्याकडे कान टोचायला गर्दी होते. आजीला नातीच्या कानात झुमके बघायचे असतात, मामानं भाचीला रिंगा कबूल केलेल्या असतात, आणि परतीची गाडी सुटायच्या आत सगळं उरकायचं असतं. त्या गडबडीत काउंटरवर उभं राहून नीट बोलणं होत नाही म्हणून हे लिहून काढलंय. घरी नेऊन निवांत वाचा आणि आजीला पण वाचून दाखवा, कारण बाळाच्या कानाकडे बहुतेक घरात तीच बघते.

सोनारानंच कान टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात. मग टोचल्यावर कानात काय घालायचं तेही सोनारानंच सांगायला हवं, भले त्यात आमची विक्री थोडी कमी झाली तरी चालेल.

कानाच्या पाळीचं भोक आतून नव्या कातडीनं मढून निघायला ६ ते ८ आठवडे जातात. बाहेरून पंधरा दिवसांतच बरं झाल्यासारखं दिसतं, आत मात्र अजून ओलंच असतं. म्हणजे पहिले दोन महिने तुम्ही निवडलेली वस्तू रात्रंदिवस उघड्या जखमेत राहणार आहे. म्हणून पहिली जोडी घेताना कशी दिसते हे शेवटी बघायचं, आधी कशाची आहे ते बघायचं, मग दांडी कशी आहे ते, मग वजन. मामाच्या रिंगा आणि आजीचे झुमके डबीत ठेवा, नंतर तेच सोनं घालायचंय, ते कुठे पळून जात नाही.

कशाचं घ्यायचं

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे निकेल. इमिटेशनच्या दागिन्यात खाली पितळ असतं, त्यावर बऱ्याचदा निकेलचा थर आणि वरून सोन्याचं पाणी. वन ग्रॅम म्हणून जे मिळतं त्यातही वरचा थर सोन्याचा, आतलं काय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घामानं आणि जखमेतून झिरपणाऱ्या लसीनं निकेल थोडं थोडं सुटत राहतं आणि शरीर एकदा का त्यावर बिथरलं की ते आयुष्यभराचं दुखणं होतं, मग घड्याळाचा पट्टा लागला तरी खाज, जीन्सचं बटण पोटाला लागलं तरी चट्टा. युरोपात यावर कायदाच आहे, टोचलेल्या भोकात घालायच्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि नुसत्या कातडीवर राहणाऱ्या वस्तूला ही मर्यादा ०.५ आहे. जखमेसाठी नियम दुपटीपेक्षा कडक आहे, यावरूनच काय ते समजा.

आमचा पहिला सल्ला २२ कॅरेट पिवळ्या सोन्याचा. ९१६ म्हणतात ते हेच, त्यात ९१.६ टक्के सोनं आणि बाकी बहुतेक तांबं-चांदी. २४ कॅरेट घेऊ नका, ते इतकं मऊ की दांडी हातानंच वाकते आणि फिरकीचे आटे झिजून जातात. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, ते कडक आणि टिकाऊ असतं, पिवळं असेल तर पहिल्या जोडीला चालतं, पण उरलेल्या २५ टक्क्यांत काय मिसळलंय ते विचारून घ्या. पांढरं सोनं पहिल्या जोडीला नको, कारण सोनं पांढरं करायला काही ठिकाणी निकेलच वापरतात.

आता एक गोष्ट जी फार जणांना माहीत नसते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असलेलाच हॉलमार्क चालतो, तो नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकला की दागिन्याची माहिती दिसते. पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाची सुंकली, म्हणजे कानातली सोन्याच्या तारेची छोटी गोल कडी, तर ग्रॅमभराच्या आतलीच असतात. म्हणजे जिथे शुद्धतेची सगळ्यात जास्त गरज तिथेच शिक्का नसतो. म्हणून आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्याच. आमच्याकडे कॅरेटोमीटर आहे, त्यावर वस्तू ठेवली की सोनं, तांबं, चांदी, निकेल किती ते स्क्रीनवर येतं. मागा, दाखवतो, त्यात संकोच करायचं काही कारण नाही. आजीच्या जुन्या कुड्या पहिल्यांदा घालायच्या असतील तर त्या सुद्धा घेऊन या, जुन्या कामात डाग लावायला, म्हणजे जोड सांधायला, कॅडमियम वापरलेलं असायचं, ते बघून घेतलेलं बरं.

चांदी? नको. चांदी पवित्र, चांदी थंड, सगळं मान्य, पण आपल्या दमट हवेत आणि घामात ती काळी पडते आणि तो काळा डाग कधी कधी भोकाच्या कडेला कातडीत कायमचा बसतो. भोक पूर्ण भरून आल्यावर खुशाल घाला.

सर्जिकल स्टीलबद्दल खूप विचारतात. ३१६ एल म्हणतात त्या स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतंच, फक्त ते घट्ट बांधलेलं असतं त्यामुळे फार सुटत नाही आणि बऱ्याच जणांना चालून जातं. पण घरात कोणाला इमिटेशन घातलं की कान खाजतात असं असेल तर स्टीलच्या वाटेला जाऊ नका. अशा लोकांना आम्ही टायटॅनियम सांगतो, इम्प्लांट ग्रेडचं, ज्याचे दातांचे स्क्रू आणि हाडातल्या पट्ट्या करतात. निकेलचा प्रश्नच नाही आणि वजनाला स्टीलच्या जवळजवळ निम्मं. आमच्याकडे ते कायम नसतं पण सांगितलंत तर मागवून देतो, आणि ते सोन्यापेक्षा खूप स्वस्त पडतं हेही आत्ताच सांगून ठेवतो.

दांडी, फिरकी आणि सुंकलं

इथे माझ्या पुतणीचं सांगतो. नऊ वर्षांची, जत्रेतल्या एका स्टॉलवर बंदुकीनं कान टोचून घेतले. घातलेला टॉप चमकदार होता, पण दांडी अगदी पाळीच्या जाडीएवढीच, आणि फिरकी मागून गच्च दाबून बसवलेली. दुसऱ्या दिवशी पाळी सुजली. सूज यायचीच, ती सगळ्यांना येते, पण सुजेला जागाच ठेवली नव्हती. चौथ्या दिवशी माझी वहिनी फोनवर म्हणाली की एका कानाची फिरकी कुठेतरी पडली वाटतं, सापडत नाही. मी गेलो आणि कान उलटा करून बॅटरी मारून बघितलं तर मागे फिरकी नव्हती, लालबुंद फुगवटा होता आणि त्याच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढं पिवळं काहीतरी चमकत होतं. फिरकी पडली नव्हती, पाळीत रुतली होती. डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन काढली. पोर अजून कानाला हात लावू देत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाची पाळी मोजतो.

तर दांडी पाळीच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब हवी, सरळ, गुळगुळीत, टोकाला बोथट. फिरकी कातडीला टेकायची नाही, तिच्यात आणि पाळीत फट दिसली पाहिजे. आटे असतील तर फक्त टोकाकडे असलेले बरे, अख्ख्या दांडीवर मळसूत्र असलं तर त्या खाचांत लस सुकून बसते आणि काढताना नवी कातडी खरवडली जाते. दांडी फार बारीकही नको, ०.८ मिलिमीटरच्या आसपासची चांगली, तारेसारखी बारीक असेल तर ओढ बसली की पाळीत कापत जाते.

पुढची बाजू लहान आणि सपाट घ्या. साधा गोल टॉप किंवा एक मणी. खडा, फुलाच्या पाकळ्या, मीनाकारी काही नको, केस अडकतात, टॉवेल अडकतो, मळ साचतो. मोत्याच्या कुड्या किती सुंदर दिसतात ते मला सांगायला नको पण मोत्याला साबण आणि घाम सोसत नाही, त्या नंतरच. लटकणारं तर काहीच नको. हूकवाले डूल सुद्धा नको, ते सारखे फिरतात आणि झोपेत निघून पडतात.

बाळांसाठी आपल्याकडे सुंकलं घालायची रीत आहे. माझे आजोबा सोन्याच्या तारेचं टोक तासून त्यानंच टोचायचे आणि तीच तार वळवून कानात ठेवायचे. सुंकलं वाईट नाही, बाळाला फिरकी टोचत नाही आणि गिळायला सुटा भाग नसतो, पण गोल तार भोकात फिरत राहते त्यामुळे भरायला टॉपपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आणि सगळा खेळ तारेच्या शेवटच्या टोकावर आहे. घरी नेल्यावर कापसाचा बोळा सुंकल्यावरून सगळीकडून फिरवून बघा, एक जरी तंतू अडकला तर टोक उघडं आहे, घेऊन या, पाच मिनिटांत दाबून घासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बाळाची कुंची, लोकरीची टोपी, गोधडीचा सुटलेला टाका, हे सगळे तिथेच अडकतात. बाळाला टॉपच घालायचा असेल तर आट्यांची घट्ट बसणारी फिरकी घ्या, दाबून बसवायची नको, ती निघाली तर थेट तोंडात जाते.

भोक बुजू नये म्हणून हिराची काडी किंवा कडुनिंबाची काडी घालायची जुनी पद्धत आहे. ओल्या जखमेत ती घालू नका, काडी पाणी पिऊन फुगते आणि आतच कुजते. दोराही तसाच, पू धरून ठेवतो.

आपलं हवामान आणि आपलं पाणी

पुण्याकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे पावसात चार महिने काही सुकतच नाही, कानाची मागची बाजूही नाही. अंघोळीनंतर दांडीच्या मागेपुढे स्वच्छ सुती कपडा टेकवून कोरडं करायचं, चोळायचं नाही. दिवसातून दोनदा मेडिकलमधलं सलाइन कापसावर घेऊन पुसायचं, बस. ती दांडी गोल गोल फिरवायची गरज नाही, फिरवल्यानं नुकती धरलेली कातडी सुटते.

काल-परवाच एक काकी म्हणाल्या, "खाऱ्या पाण्यान जखम बरी होता, पोराक समुद्रात बुडवून हाड." म्हणजे बुडवून आण. काकी, सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं आणि समुद्रात ३५ ग्रॅमच्या आसपास, शिवाय त्यात वाळू, होड्यांचं डिझेल, बाजारातून वाहून आलेलं सगळं. चिवल्याला, तारकर्लीला जाऊ दे पोरांना, पण दोन महिने डोकं पाण्याखाली नको. तळ्यात, नदीत पण नको. खोबरेल तेल आणि हळद केसाला आणि आमटीला उत्तम, ओल्या भोकात घातली की चिकटून बसतात आणि हवा लागू देत नाहीत. आणि आंब्याच्या दिवसांत एक लक्षात ठेवा, देठाचा चीक लागलेला हात कानाला लावला तर असा पुरळ उठतो की सोन्याचीच अॅलर्जी आली असं वाटतं.

बुगडी आणि भिकबाळीचं वेगळं आहे. कानाचा वरचा भाग कूर्चेचा, तिथे रक्त कमी पोचतं, भरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि तिथे इन्फेक्शन झालं तर कानाचा आकारच बिघडू शकतो. तिथे बंदूक अजिबात नाही, सुईनंच. पहिल्यांदा छोटी सरळ दांडी घाला, मोत्याची बुगडी वर्षभरानं. लग्न तीन महिन्यांवर आलंय म्हणून आत्ता टोचून बुगडी घालायची असेल तर आम्ही दाबाची बुगडी दाखवू, भोक न पाडता बसते, फोटोत फरक कळत नाही.

पाळीतली पहिली जोडी ६ ते ८ आठवड्यांनी बदला, दुखत नसेल, ओलं नसेल तरच. पहिल्यांदा आमच्याकडे येऊन बदला. काढून ठेवून उद्या घालू म्हणू नका, नवं भोक काही तासांतही आकसतं. झुमके वगैरे जड काम सहा महिन्यांनी, आणि तेव्हाही वेल लावा म्हणजे भार केसांवर जातो आणि भोक ओघळत नाही.

पारदर्शक किंवा पांढुरकी लस आणि तिची खपली येणं ठीक आहे. पण लाली पसरत चालली, कान गरम लागतोय, ठणकतोय, हिरवट-पिवळा घट्ट पू येतोय, ताप आहे, किंवा फिरकी दिसेनाशी झालीय, तर आमच्याकडे नको, सरळ डॉक्टरकडे जा. आणि घाबरून टॉप स्वतः उपसून काढू नका, भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. घरात कोणाला जखमेवर जाड गाठी येत असतील, किंवा शुगर असेल, तर टोचायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

बाळाला घेऊन येणार असाल तर बारशालाच टोचायचा हट्ट नको. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी होऊ द्या, त्यात धनुर्वाताची असते. लसीचं कार्ड सोबत आणा. सकाळी लवकर या, बाजाराची गर्दी व्हायच्या आत, बाळाचं पोट भरलेलं असू दे आणि अंगात पुढून उघडणारं झबलं घाला, म्हणजे नंतर डोक्यावरून काही काढावं लागत नाही.